‘दुसरे काही नाही’

कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री दीपमाळ पेटून गेलेली असते, पालखी अद्याप प्रदक्षिणेत असते, आणि सभामंडपाच्या पायरीवर चार घटका निवांत बैठक जमते. तिच्यात दरसाल काही ना काही वाद रंगतो. गेल्या वर्षी तो मेक्सिकोच्या देवांवरून रंगला. आमच्या नात्यातला एक तरुण सुट्टीला गावी आला होता. माया आणि आझ्टेक लोकांच्या देवतांविषयी त्याने बरेच वाचले होते. चंद्राच्या उजेडात जवळजवळ बुजून गेलेल्या कृत्तिकांकडे बोट दाखवून तो सांगू लागला, ‘‘वकीलकाका, त्यांचा तो केत्सलकोआत्ल, पिसांचा सर्प म्हणून ज्याची एवढी महती, तो म्हणजे शुक्राचा तारा, दुसरे काही नाही. तेस्कात्लिपोका म्हणजे आपले सप्तर्षी. दुसरे काही नाही.’’ खांबाला टेकून बसलेले वृद्ध भटजी इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी कोंकणीत दोनच शब्द विचारले, ‘‘आनी मागीर?’’

तेवढ्यात पालखी आली आणि वाद तिथेच राहिला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. तरुणाचे विधान खोटे नव्हते. त्यातला पहिला अर्धा भाग तर चांगल्या पुराव्याने सिद्ध होण्यासारखा आहे. आमची हरकत आहे ती ‘दुसरे काही नाही’ या तीन शब्दांना. कोर्टात साक्षीदार आपल्या माहितीपुरते बोलतो तोवर त्याला कोणी अडवत नाही. ‘याखेरीज काही घडलेच नाही’ असे तो म्हणाला, की उलटतपासणी सुरू होते.

तेव्हा प्रथम जे सिद्ध आहे ते मान्य करून टाकू. मध्य मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत लिहिलेल्या कुआउतित्लानच्या बखरीत अशी कथा आहे की, तोलान नगरीचा राजा केत्सलकोआत्ल पूर्व समुद्राच्या काठी गेला, त्याने स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले, आणि त्याचे हृदय आकाशात चढून पहाटेचा तारा झाले. तारा दिसण्यापूर्वी आठ दिवस तो दिसेनासा झाला होता. त्यांतले चार दिवस तो मृतांच्या लोकी होता आणि चार दिवस त्याने बाण मिळवण्यात घालवले, असे बखर सांगते. आता जर्मनीत ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात असलेली माया लोकांची पोथी पाहा. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाची ही घडीची पोथी 1739 साली व्हिएन्नात विकत घेतली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच ग्रंथालयाचे अधिकारी एर्न्स्ट फोर्स्टेमान यांनी तिच्यातली शुक्राची सारणी उलगडली. पहाटेचा तारा 236 दिवस, लोप 90 दिवस, सायंतारा 250 दिवस, पुन्हा लोप 8 दिवस; एकूण 584. अशी पाच आवर्तने म्हणजे 2,920 दिवस, म्हणजेच 365 दिवसांची बरोबर आठ वर्षे. आधुनिक वेधांप्रमाणे शुक्राचे सरासरी आवर्तन 583.92 दिवसांचे आहे, आणि हा अल्प फरक काढून टाकण्याची सोयही सारणीत ठेवलेली आहे. शेजारीच चित्रे आहेत : उगवता शुक्र भालाफेक करतो आहे आणि खाली कोणी तरी विद्ध होऊन पडला आहे. बखर नाहुआत्ल, पोथी माया. दोन निराळ्या भाषा बोलणारे लोक आठ या आकड्यावर एकत्र येतात. दोन स्वतंत्र साक्षीदारांची जबानी अशी जुळली, तर कोणताही न्यायाधीश ती मानील.

तेस्कात्लिपोकाचेही तसेच. स्पॅनिश विजयानंतर थोड्याच वर्षांत, तिथल्या चित्रपोथ्यांवरून उतरवून घेतलेल्या एका वृत्तांतात म्हटले आहे की, केत्सलकोआत्लने त्याला सोट्याने हाणून पाण्यात पाडले, तिथे तो वाघासारखा जाग्वार झाला, आणि हे आजही आकाशात दिसते, कारण सप्तर्षी पाण्याकडे उतरतात. ही कोणा आधुनिक पंडिताची कल्पना नाही. सांगणाऱ्यांनी स्वतःच ताऱ्याकडे बोट दाखवले आहे.

पण सगळीकडे असे नाही. 1978 च्या फेब्रुवारीत मेक्सिको शहरात विजेच्या कामासाठी खणताना कामगारांना सव्वातीन मीटर व्यासाची एक शिळा लागली. तिच्यावर कोयोल्शाउकी या देवीचे हातपाय आणि शिर तुटलेले शरीर कोरलेले आहे. कथा अशी की, आईच्या पोटातल्या वित्सिलोपोच्त्लीला मारण्यासाठी ती आपल्या चारशे भावांना घेऊन चालून आली; तो सशस्त्रच जन्मला आणि त्याने तिचे तुकडे करून डोंगरावरून खाली लोटले. एदुआर्द सेलेर या थोर जर्मन विद्वानाने अर्थ लावला : वित्सिलोपोच्त्ली म्हणजे सूर्य, बहीण म्हणजे चंद्र, चारशे भाऊ म्हणजे उगवतीला मावळणारे तारे. अर्थ मोठा सुंदर आहे आणि कदाचित खराही असेल. परंतु साआगून या पाद्र्याने नाहुआत्लमध्ये उतरवून घेतलेल्या मूळ कथेत तिला कोठेही चंद्र म्हटलेले नाही. शिळा मात्र सापडली ती महामंदिराच्या वित्सिलोपोच्त्लीच्या बाजूच्या पायऱ्यांच्या तळाशी. वर बळी दिलेल्यांची शरीरे ढकलली जात ती जिथे येऊन पडत, तिथे. म्हणजे चंद्र हा अनुमानाचा भाग आहे, आणि पायऱ्या हा प्रत्यक्षाचा.

अनुमानाला आमचा विरोध नाही. असता, तर लोकमान्यांनी 1893 साली ‘ओरायन’ लिहिले त्याचा आम्हांला अभिमान वाटला नसता. तेही कायद्याचेच पदवीधर. मृगशीर्षाच्या कथांवरून वेदकालाचे मान काढताना त्यांच्यापाशी एक फार भक्कम आधार होता. मृगरूप घेतलेल्या प्रजापतीची कथा सांगून ऐतरेय ब्राह्मण स्वतःच म्हणते की, तो हा आकाशातला मृग, हा व्याध, ही रोहिणी, आणि हा तीन कांड्यांचा बाण. काळाबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षाविषयी मतभेद होतील; ताऱ्यांबद्दल होणार नाहीत, कारण साक्ष घरची आहे.

आणि हेच तारे माया लोकांकडे गेल्यावर काय होतात, ते पाहण्यासारखे आहे. ग्वातेमालातल्या किचे माया लोकांत आपल्या मृगाच्या पायांतले दोन ठळक तारे आणि त्या बाणातला एक तारा मिळून चुलीचे तीन दगड होतात. मधला धूसर तेजोमेघ हा चुलीतला विस्तव. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी परसात तीन दगड मांडून पाणी तापवलेले पाहिले आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. किरिग्वा येथील एका प्राचीन शिलास्तंभावर सृष्टीच्या आरंभी तीन दगड मांडल्याचा लेख आहे. ते दगड हेच, असे लिंडा शील प्रभृतींनी प्रतिपादले. शिलालेख आठव्या शतकातला आणि चुलीची साक्ष विसाव्या शतकातली. मधली बाराशे वर्षे अनुमानाने भरली आहेत. भरू द्यावीत, पण ती भरलेली आहेत हे विसरू नये. एरवी काय होते ते 2012 च्या डिसेंबरात जगाने पाहिलेच. माया गणनेचा एक मोठा फेरा पुरा होतो, एवढ्यावरून जगबुडी ठरली. आणि पालेंकच्या एका लेखात तर इसवी सन 4772 मधल्या तिथीची नोंद आहे! ज्यांच्या नावे जगबुडी सांगितली गेली, त्यांनी पुढच्या अडीच-तीन हजार वर्षांची सोय करून ठेवली होती.

साक्षीचा प्रश्न निघाला म्हणून एक अवघड साक्षीदार पुढे आणावा लागतो. युकातानमधल्या मानी या गावी 12 जुलै 1562 रोजी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या जाळल्या. त्याआधीच्या चौकशीत अनेकांचा छळ झाला, त्यांत माणसे दगावली. पोथ्यांत सैतानी थोतांडाशिवाय काही नव्हते म्हणून आपण त्या जाळल्या आणि त्या लोकांना फार दुःख झाले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आज माया लोकांच्या पोथ्या उरल्या आहेत त्या चारच. आणि त्यांचे कालमापन, सण, देव यांविषयी आपल्याला जे कळते त्याचा मोठा वाटा याच लांदाच्या ग्रंथातून येतो; त्याने टिपलेली अक्षरे हाती धरूनच रशियाच्या युरी क्नोरोझोव यांनी 1952 साली माया लिपी वाचण्याची वाट काढली. पुरावा नष्ट करणारा आरोपी हाच त्या पुराव्याविषयी मुख्य साक्षीदार!

गोमंतकातल्या वाचकाला हे दूरचे वाटणार नाही. मानीच्या होळीच्या दोनच वर्षे आधी, 1560 मध्ये, गोव्यात धर्मन्यायासन बसले. त्याच सुमारास मंगेश, शांतादुर्गा ही दैवते नद्या ओलांडून अंत्रुज महालात गेली, ती आजवर तिथेच आहेत. आपले दैवत रातोरात हलवावे लागलेल्या माणसाला आणि आपली पोथी जळताना पाहणाऱ्या माया पुरोहिताला एकमेकांची भाषा कळली नसती; दुःख कळले असते. म्हणूनच ‘तो देव म्हणजे शुक्र, दुसरे काही नाही’ असे आपल्यापैकी कोणी सहज बोलून गेला, की आम्हांला थोडे चुकल्यासारखे वाटते. लांदा म्हणाला, यात सैतानाखेरीज काही नाही. आपण म्हणतो, यात ग्रहगणिताखेरीज काही नाही. दुसरे म्हणणे पुष्कळच सभ्य आहे यात शंका नाही. पण दोन्हींत ज्याचा देव त्याला विचारलेले नाही.

आणि ड्रेस्डेनची पोथी तरी त्या म्हणण्याला दुजोरा देते काय? वर दिलेले आकडे पुन्हा पाहा. शुक्र पहाटेस दिसायचा थांबल्यापासून सायंकाळी दिसू लागेपर्यंत प्रत्यक्षात साधारण 50 दिवस जातात. पोथी 90 म्हणते. पहाटेचा आणि सायंकाळचा काळ प्रत्यक्षात जवळजवळ सारखाच, प्रत्येकी सुमारे 263 दिवस. पोथी एकाला 236 आणि दुसऱ्याला 250 देते. ज्यांनी एकूण आवर्तन दिवसाच्या बाराव्या हिश्शाच्या आत अचूक धरले, त्यांना डोळ्यांनी दिसणारा चाळीस दिवसांचा फरक कळला नसेल, हे संभवत नाही. 236 दिवस म्हणजे आठ चांद्रमास होतात, तेव्हा चंद्राशी मेळ घालण्यासाठी असे केले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. कारण काहीही असो. त्यांना निव्वळ वेध लिहायचे नव्हते. शिवाय अशी 65 आवर्तने घेतली की 37,960 दिवस होतात, म्हणजे त्यांच्या 260 दिवसांच्या पवित्र गणनेचे बरोबर 146 फेरे. त्यांना हव्या असलेल्या दिवशी, हव्या असलेल्या नावाने तो देव उगवायला हवा होता. निव्वळ खगोलशास्त्र्याने आपली आकडेमोड अशी वाकवली नसती.

आपल्याकडे वेदान्त्यांनी याला एक सुरेख दृष्टान्त दिला आहे. अरुंधती फार बारीक. म्हणून वधूला आधी तिच्याजवळचा मोठा तारा दाखवून ‘ही अरुंधती’ म्हणतात, दृष्टी तिथे ठरली की ‘ही नव्हे, ती’ म्हणून पुढे नेतात. हा स्थूलारुंधतीन्याय. मोठा तारा खोटा नसतो, पण जो त्याच्यापाशीच थांबला त्याला अरुंधती दिसली नाही. आमचा तरुण शुक्रापाशी थांबला होता, आणि भटजींचा ‘आनी मागीर?’ बहुधा हेच विचारीत होता.

आता या सगळ्या चर्चेतला खरा बोचणारा भाग. त्याला बगल देऊन हा लेख संपवणे आम्हांला सोयीचे झाले असते.

दर 52 वर्षांनी आझ्टेकांचा कालचक्राचा फेरा पुरा होई. त्या रात्री साऱ्या प्रदेशातले अग्नी विझवत, घरातली भांडी फोडत, गरोदर स्त्रियांना मुखवटे घालून कोठारात ठेवत, मुलांना झोपू देत नसत. झोपले तर त्यांचे उंदीर होतील ही भीती. पुरोहित उइशाच्त्लान टेकडीवर जाऊन कृत्तिकांकडे पाहत बसत. मध्यरात्री कृत्तिका माथ्यावरून पलीकडे सरकल्या की जग आणखी 52 वर्षे चालणार. न सरकल्या तर सूर्य पुन्हा उगवणार नाही. सरकल्या, की एका युद्धकैद्याच्या छातीवर अग्निमंथन करून नवा अग्नी काढत आणि त्याचे हृदय त्या अग्नीला देत. तिथून मशाली घराघरात जात. असा शेवटचा विधी 1507 साली झाला. ती टेकडी आज मेक्सिको शहराच्या पोटात आहे आणि तिला स्पॅनिशमध्ये ताऱ्याची टेकडी म्हणतात.

साआगूनच्या ग्रंथाच्या सातव्या भागात त्या शेवटच्या कैद्याचे नाव आले आहे. शिउत्लामिन. वेशोत्सिन्कोचा, चांगल्या कुळातला माणूस. त्याच्या नावात ‘शिउइत्ल’, म्हणजे वर्ष, हा शब्द असावा म्हणून असा कैदी मुद्दाम शोधायला राजाने सांगितले होते. त्याला पकडणारा त्लातेलोल्कोचा योद्धा पुढे त्याच पराक्रमाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

‘कृत्तिकांचे मध्यरात्रीचे याम्योत्तर लंघन’ असे म्हटले की या साऱ्या रात्रीचे स्पष्टीकरण होते आणि शिउत्लामिन तेवढा बाहेर राहतो. देवांना तारे ठरवण्याच्या या पद्धतीतला आम्हांला वाटणारा मोठा दोष हा आहे. ती वरवर पुरोहितांचा गौरव करते, त्यांना ज्योतिर्विद म्हणते. आणि त्या गौरवाच्या आड बळीची फिर्याद दप्तरी दाखल होऊन जाते. उलट, केवळ क्रौर्य म्हणून निकाल देणारेही मुलांना जागे ठेवणाऱ्या त्या आईबापांच्या भीतीचे म्हणणे ऐकून घेत नाहीत. एकाने चौकशीविना सोडले, दुसऱ्याने चौकशीविना शिक्षा दिली.

कोणी म्हणेल, ही शुद्ध लबाडी होती. कृत्तिका तर दर वर्षी कार्तिकाच्या सुमारास मध्यरात्री माथ्यावर येतातच. रात्रंदिवस आकाश पाहणाऱ्या पुरोहितांना हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक असलेच पाहिजे. पण येथे आम्हांला आमचीच संध्या आठवते. सूर्य उद्या उगवेल याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही, तरी अर्घ्य देतो. तैत्तिरीय आरण्यक सांगते की, सूर्याशी झुंजणाऱ्या मंदेह राक्षसांना हे अभिमंत्रित पाणी वज्र होऊन दूर फेकते. उगवणे सूर्याचे, पण त्यात आपलाही हात लागला पाहिजे ही जी भावना, ती आमची आणि त्या टेकडीवरच्या पुरोहितांची एकच आहे. हे कबूल करायला आम्हांला संकोच वाटत नाही. फरक ओंजळीत काय आहे एवढाच. आमच्या ओंजळीत पाणी, त्यांच्या हातात माणसाचे हृदय. आणि हा फरक कोणत्याही ताऱ्याने ठरवलेला नाही. कृत्तिका दोघांच्याही डोक्यावर त्याच होत्या.

तो कोणी ठरवला? ज्या ऐतरेय ब्राह्मणात मृगाची कथा आहे, त्यातच पुढे शुनःशेपाचीही आहे. बापाने शंभर गाईंना विकलेला, यूपाला बांधलेला मुलगा एकेका देवाला आळवत जातो, आणि अखेर उषेच्या ऋचांबरोबर त्याचे पाश गळून पडतात. वरुणाचे देणे तर खरे होते. हरिश्चंद्राने नवस बोलला होता. तरी ज्यांनी ही कथा सांगितली, त्यांना देणे फिटावे पण मुलगा वाचावा असे वाटले, आणि देवांनाही तेच वाटते असे त्यांनी सांगून ठेवले. यावरून छाती फुगवून घेण्याचे कारण नाही. 1829 साली बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा करावा लागला तो मेक्सिकोच्या लोकांसाठी नव्हे. आणि कोंबड्या-बकऱ्यांचा हिशेब गावोगावच्या जत्रांतून अजून चालू आहे. परंतु देव काय मागतो, हा प्रश्न आकाशाला विचारता येत नाही, तो एकमेकांना विचारावा लागतो, इतके तरी आपल्या पूर्वजांना कळले होते. आझ्टेकांपुढे तो प्रश्न आला असता की नाही, हे सांगण्याची सोय राहिली नाही. पुढचा फेरा 1559 साली पुरा झाला, आणि तेव्हा त्यांची नगरी पडून 38 वर्षे लोटली होती.

माया लोकांची गोष्ट निराळी. ते हयात आहेत. आमचा 1872 चा पुराव्याचा कायदा गेला आणि 2023 चा आला, तरी तोंडी साक्ष प्रत्यक्ष माहितगाराचीच हवी, हा नियम बदललेला नाही. ग्वातेमालाच्या डोंगरात मोमोस्तेनांगो येथे 260 दिवसांची ती गणना अखंड चालू आहे. ती राखणाऱ्यांना दिवस मोजणारे म्हणतात. ‘आठ वानर’ या नावाचा दिवस फिरून आला की नव्या उमेदवारांना दीक्षा मिळते. बार्बरा आणि डेनिस टेडलॉक या अमेरिकी अभ्यासक दांपत्याने 1970 च्या दशकात तिथे रीतसर शिष्यत्व पत्करले, तेव्हा कुठे चुलीच्या त्या तीन दगडांसारख्या गोष्टी ग्रंथांत आल्या. दिवस मोजणारा लाल बिया आणि स्फटिक चौरंगावर मांडतो, एकेका दिवसाला ‘स्वामी’ म्हणून हाक मारीत मोजत जातो, आणि समोरच्याचा प्रश्न त्या दिवसापुढे ठेवतो. तो प्रश्न बहुधा आजाराचा असतो, लग्नाचा असतो, नाही तर वाडवडिलांच्या राहून गेलेल्या देण्याचा.

यंदाच्या कार्तिकीला हे सगळे त्या तरुणाला सांगायचे आम्ही योजले आहे. भटजी पायरीवर असतीलच, आणि ते पुन्हा तेच दोन शब्द विचारतील अशी आम्हांला थोडी धास्तीही आहे.